मार्चअखेरची तोफ

पुण्यात गोळीबार मैदानापाशी एक जुनी सरकारी कचेरी आहे. समोरून दिवसभर दुचाक्यांचा पूर वाहत असतो आणि त्यातल्या फारच थोड्यांना आत काय चालतं ते ठाऊक असतं. भूदलाच्या देशभरातल्या अधिकाऱ्यांचा पगार इथे मोजला जातो. सियाचेनच्या चौकीवरच्या कॅप्टनचा उंचीचा भत्ता असो की तेजपूरहून जोधपूरला बदली झालेल्या कर्नलचं सामानाचं बिल, कागद शेवटी पुण्यात येतो. संरक्षण लेखा विभागाची ही कचेरी. नाव ऐकून अंगावर काटा वगैरे येत नाही.

संरक्षणखर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे २६ जानेवारीच्या संचलनातली क्षेपणास्त्रं येतात. ती दिसतात, म्हणून. पण देशाच्या संरक्षणाच्या पैशाचा मोठा ओघ अशा कचेऱ्यांतून, पगारपत्रकं आणि पेन्शनच्या याद्यांमधून वाहतो. लष्कराचा अर्थसंकल्प समजून घ्यायचा तर सुरुवात तोफेपासून करून चालत नाही, पगारापासून करावी लागते.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाच्या वाट्याला ६,८१,२१० कोटी रुपये आले, म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चाच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. १ फेब्रुवारीच्या संध्याकाळी असा आकडा वाहिन्यांवर ‘विक्रमी तरतूद’ म्हणून झळकतो. विक्रमी तर ती जवळजवळ दरवर्षीच असते. महागाई वाढते, महागाई भत्ता वाढतो, मग आकडा वाढणारच. तो कमी झाला तर बातमी.

सोयीसाठी शंभराची नोट मोडून पाहू. त्यातले जवळपास ४६ रुपये तिन्ही दलांच्या महसुली खर्चाला गेले : पगार, शिधा, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती. २४ रुपयांच्या जवळपास निवृत्तिवेतनाला. चार रुपये मंत्रालयाच्या मुलकी खर्चाला, ज्यात सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या संघटनेपासून तटरक्षक दलापर्यंत बरंच काही बसतं. उरले २६, ते भांडवली. त्यातूनही संशोधन आणि बांधकामं बाजूला काढली की नव्या शस्त्रांसाठी हातात राहतात बावीस रुपयांपेक्षा जरा कमी. आणि तेही मोकळे नसतात, पण त्याकडे नंतर येऊ.

संसदेपुढे हे सगळं एका गठ्ठ्यात जात नाही. संरक्षण मंत्रालयाच्या नावावर अनुदानाच्या चार वेगळ्या मागण्या असतात. २०२५-२६ मध्ये त्यांचे क्रमांक १९ ते २२ होते : मुलकी, महसुली, भांडवली आणि निवृत्तिवेतन. या चार डब्यांची झाकणं घट्ट असतात. पेन्शनमध्ये पैसे वाचले म्हणून परस्पर रणगाडे घेता येत नाहीत. एका मागणीतला पैसा दुसरीकडे न्यायचा तर पुन्हा संसदेचीच मंजुरी लागते.

महसुली कुठे संपतं आणि भांडवली कुठे सुरू होतं, याचा नियम एखाद्या हिशेबनीसाने लिहावा तसाच आहे. ढोबळमानाने, जी वस्तू सात वर्षं किंवा त्याहून जास्त टिकते आणि जिची किंमत दहा लाखांच्या वर आहे ती भांडवली. बाकीचं महसुली. आता याचा परिणाम पाहा. तोफ भांडवली खात्यात आणि तोफेचा गोळा महसुली खात्यात. तोफेचा करार झाला की फोटो निघतो, संरक्षणमंत्री हस्तांदोलन करतात. गोळा मुकाट्याने कोठारात जाऊन पडतो. महसुली खात्यात पगाराला हात लावता येत नाही, शिधा कापता येत नाही. मग ओढाताण झाली की कात्री कुठे चालते हे सांगायला नको.

ती किती चालली होती ते महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे ‘कॅग’च्या, २०१५ च्या एका अहवालात सापडतं. घनघोर युद्ध ४० दिवस चालेल असं धरून दारूगोळ्याचा राखीव साठा ठेवायचा, असं धोरण होतं. मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी फक्त १७ प्रकार ही ४० दिवसांची अट पुरी करत होते. ८५ प्रकारांचा साठा तर दहा दिवसही पुरला नसता. त्यामागे आयातीतली दिरंगाई होती, सरकारी कारखान्यांचा अपुरा पुरवठा होता, पैशाचा तुटवडाही होता. १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या या कारखान्यांचं २०२१ मध्ये सात कंपन्यांत रूपांतर झालं. त्यांतली दारूगोळा बनवणारी म्युनिशन्स इंडिया पुण्यातून चालते.

पेन्शनच्या डब्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचं अर्थकारण त्यावर उभं आहे. साताऱ्याजवळच्या एका गावाचं नावच अपशिंगे (मिलिटरी). पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान पडले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घरांतून कुणी ना कुणी फौजेत जात आलं. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्याचं पेन्शन चालू राहतं. सरकारी कारकून साठीला निवृत्त होतो, तेव्हा दोघांचा हिशेब एकसारखा असूच शकत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजनेचा आदेश निघाला आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. माजी सैनिकांची ही मागणी कित्येक दशकांची होती, न्याय्यही होती. तिजोरीवरचा भारही खरा होता. २०२५-२६ मध्ये या एका डब्यात १,६०,७९५ कोटी रुपये होते. शस्त्रं, जहाजं आणि विमानं मिळून त्या वर्षीच्या सगळ्या खरेदीला ठेवलेल्या १,४८,७२३ कोटींपेक्षाही जास्त.

जून २०२२ मधल्या ‘अग्निपथ’ची मुळं मी तरी इथे शोधतो, सरकारने लष्कर तरुण ठेवण्याचं कारण कितीही पुढे केलं तरी. चार वर्षांची सेवा, त्यातले पंचवीस टक्केच पुढे कायम, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी आणि पेन्शन नाही. गंमत अशी की याचा खरा फायदा तिजोरीला इतक्यात दिसणार नाही. २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान निवृत्त झाला असता साधारण २०३७ नंतर. तोवर पेन्शन घेणारे सगळे आधीच्या भरतीतलेच असणार. निर्णय एका सरकारचा, वाद त्याच्या वाट्याला, आणि बचत झालीच तर ती तिसऱ्याच कुणाच्या खात्यात.

हा आकडा जन्माला कसा येतो? साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात अर्थ मंत्रालयाचं परिपत्रक निघतं : पुढच्या वर्षाचे अंदाज पाठवा, चालू वर्षाचे सुधारा. त्याआधीच खाली कामाला सुरुवात झालेली असते. एखाद्या रेजिमेंटच्या क्वार्टरमास्टरपुढचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. ट्रकचे टायर, बॅटऱ्या, जनरेटरचं डिझेल, तंबू, बराकीच्या छताची गळती. प्रत्येक ओळीपुढे रकाने : गेल्या वर्षी किती मागितले, किती मिळाले, किती खर्च झाले. मुरलेला क्वार्टरमास्टर थोडं चढवूनच मागतो, कारण वर कात्री लागणार हे त्याला माहीत असतं. वरचाही एकेकाळी त्याच खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे हा चढवून मागतो हे त्याला माहीत असतं. या परस्पर ज्ञानावर जगातली सगळी सरकारी अंदाजपत्रकं चालतात.

तक्ते ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर करत कमांडकडे पोचतात. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या छावण्यांचे पुण्याच्या दक्षिण कमांडकडे. तिथून दिल्लीतल्या मुख्यालयात. प्रत्येक पायरीवर वर्दीवाल्याच्या शेजारी मुलकी वित्तीय सल्लागार बसलेला असतो आणि त्याचा होकार आल्याशिवाय मोठा खर्च पुढे सरकत नाही. दोघांचं नातं सासू-सुनेचं. एकाला वाटतं याला युद्ध कळत नाही, दुसऱ्याला वाटतं याला पैसा कळत नाही.

शेवटी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची मागणी अर्थ मंत्रालयापुढे जाते. तिथे प्रश्न ‘तुम्हाला किती लागतात’ असा नसतो. ‘आधी दिलेले किती संपवले’ असा असतो. डिसेंबरपर्यंत भांडवली खर्च निम्म्यावरच अडकला असेल, तर पुढच्या वर्षीची मागणी कितीही पोटतिडकीने मांडा, अर्थ खात्याकडे एकच उत्तर तयार असतं. मग अर्थ खातं कमाल मर्यादा ठरवून देतं आणि मंत्रालयाला तेवढ्यात आपला संसार बसवावा लागतो. मागितलेलं आणि मिळालेलं यांतली दरी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालांत वर्षानुवर्षं छापून येते.

२०१८ च्या मार्चमध्ये ती दरी जरा जास्तच उघडी पडली. भूदलाचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी या समितीपुढे साक्ष दिली. भूदलाला आधुनिकीकरणासाठी मिळाले होते २१,३३८ कोटी. आणि आधीच सह्या झालेल्या, चालू असलेल्या १२५ योजनांचे त्या वर्षात द्यायचे पैसेच होते २९,०३३ कोटी. नवीन एक काडतूसही न घेता सात-आठ हजार कोटींचा खड्डा. त्यांनी साधनसामग्रीची वयंही सांगितली : ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के आजच्या काळातली आणि अवघी ८ टक्के अत्याधुनिक. तज्ज्ञ धरतात ते आदर्श प्रमाण जुनाट तीस, चालू काळातली चाळीस आणि अत्याधुनिक तीस असं. सेवेत असलेला जनरल संसदेच्या समितीपुढे अर्थसंकल्पाने आपली निराशा केली असं सांगतो, हे आपल्याकडे रोज घडत नाही.

मघाशी बावीस रुपये मोकळे नसतात असं म्हटलं ते यामुळे. विमान किंवा जहाज वाण्याच्या दुकानातून साखर आणावी तसं घेत नाहीत. करार होतो तेव्हा एक रक्कम आगाऊ जाते. पुढे सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, चाचणी झाली अशा टप्प्यांवर हप्ते जातात. लष्करी हिशेबात याला बांधील देणी म्हणतात. ३६ राफेल विमानांचा करार २३ सप्टेंबर २०१६ ला झाला, सुमारे ७८७ कोटी युरोंचा, तेव्हाच्या दराने ५९,००० कोटी रुपयांच्या घरात. पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला. मधली चार वर्षं विमान नव्हतं पण हप्ते होते. शिवाय हप्ता युरोत. रुपया घसरला की तोच हप्ता फुगतो आणि फुगलेले पैसे त्याच बावीस रुपयांतून काढायचे.

आपल्या माझगाव डॉकचं उदाहरण अजून बोलकं आहे. फ्रेंच आराखड्याच्या सहा पाणबुड्या मुंबईत बांधायचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला. पहिली ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये, ठरल्यापेक्षा पाच वर्षांनी. सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. चिदंबरम अर्थमंत्री असताना सही झाली आणि पुढे प्रणव मुखर्जी, जेटली, सीतारामन अशा अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकांतून त्या कराराचे पैसे जात राहिले. त्यांच्यापैकी कुणालाही ‘आम्हाला पाणबुड्या हव्यात का’ असा प्रश्न नव्याने विचारता येणार नव्हता. संरक्षणाचं अंदाजपत्रक मांडणारा मंत्री त्यातल्या मोठ्या भागापुरता आपल्या आधीच्यांची उधारी वाचून दाखवत असतो. पहिल्या बाजीरावाच्या पत्रांतसुद्धा सावकारांच्या तगाद्याचं दुखणं आहे. मोहीम जिंकली तरी मागच्या मोहिमेचं देणं उरलेलंच.

मग योजना करत नाहीत का? करतात, कागदावर फार देखण्या. आपल्याकडे त्याची सुरुवात एका मराठी माणसाने केली. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसलं. त्यानंतर त्यांनी काय केलं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. १९६२-६३ च्या मूळ अंदाजात संरक्षणाला ३७६ कोटी होते. १९६३-६४ मध्ये ते ८६७ कोटी झाले, एका वर्षात दुपटीहून जास्त. पैसे आणले कुठून? अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सक्तीची बचत योजना आणली, नवे कर लावले. जानेवारी १९६३ मध्ये आलेल्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी केली, कारण परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याच्या चोरट्या आयातीत ते वाहून जात होतं. सीमेवरच्या पराभवाची झळ गावोगावच्या सोनारांच्या भट्टीपर्यंत पोचली ती अशी.

चव्हाणांनी १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना संसदेपुढे मांडली. सव्वाआठ लाखांचं भूदल, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल, नौदलाची जुनी जहाजं बदलणं, सीमेवर रस्ते, देशातच शस्त्रनिर्मिती. पाच वर्षांचा खर्च सुमारे ५,००० कोटी. आधी धोका काय तो ठरवायचा, मग त्याला किती माणसं आणि किती यंत्रं लागतील ते, मग पैसा, असा क्रम भारतात पहिल्यांदाच लावला गेला. त्याच सुमाराला अमेरिकेत संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा हेच मोटार कंपनीच्या शिस्तीने करू पाहत होते : दलांना पैसे वाटायचे नाहीत, कामांना वाटायचे. मे १९६४ मध्ये चव्हाण शस्त्रांसाठी अमेरिकेत होते, तिथेच त्यांना नेहरू गेल्याची बातमी कळली. अमेरिकेने हवी ती लढाऊ विमानं दिली नाहीत. सोव्हिएत रशियाने मिग दिली. म्हणजे योजना दिल्लीत होत होती पण तिचे काटे वॉशिंग्टन आणि मॉस्कोत फिरत होते. वर्षभरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि आकडे पुन्हा जुळवावे लागले.

नंतरच्या योजनांना तेवढंही नशीब लाभलं नाही. २००७ ते २०१२ ची संरक्षण योजना तर अर्थ खात्याच्या औपचारिक मंजुरीविनाच संपून गेली. हल्ली दहा वर्षांची एकात्मिक क्षमता योजना, तिच्या पोटात पाच वर्षांची खरेदी योजना आणि तिच्या पोटात दोन वर्षांची पुढे सरकणारी यादी अशी मांडणी असते. यातली एकही संसद मंजूर करत नाही. संसद मंजूर करते फक्त एका वर्षाचे पैसे. दहा वर्षांचं स्वप्न आणि बारा महिन्यांचं पाकीट यांचं जमायचं कसं, या प्रश्नाचं सगळ्यात महागडं उत्तर पानागढला मिळालं. जुलै २०१३ मध्ये चीन सीमेसाठी सतराव्या, म्हणजे आजच्या पानागढच्या, कोअरला मंजुरी मिळाली. पर्वतावर चढाई करणारं सुमारे ९०,००० सैनिकांचं दल, सात-आठ वर्षांत ६४,००० कोटींच्या घरात खर्च. मंजुरी मिळाली पण त्यासाठी वेगळी थैली मिळाली नाही. नेहमीच्याच तरतुदीतून कोअर उभं करायचं ठरलं, युद्धासाठी राखून ठेवलेल्या साठ्यातली सामग्री काढून द्यावी लागली आणि एक डिव्हिजन उभं राहिल्यावर काम थंडावलं.

तीन दलांची आपसातली ओढाताण हा वेगळाच विषय आहे. नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह यांनी डिसेंबर २०१९ मध्ये उघडपणे सांगितलं होतं की नौदलाचा वाटा २०१२ मधल्या १८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर घसरलाय. भूदलाकडे माणसं जास्त, म्हणून पगार जास्त, म्हणून वाटा जास्त. माणसं कमी आणि यंत्रं महाग असलेल्या नौदलाला ते जाचणारच. त्यानंतर काही आठवड्यांनी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. कुणाला आधी द्यायचं हे ठरवणं त्यांचं काम होतं आणि त्यांनी तिसऱ्या विमानवाहू जहाजापेक्षा पाणबुड्या बऱ्या असं सूचित केलं. नौदलातल्या मंडळींना ते रुचलं नाही. विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०२२ मध्ये कोचीत दाखल झाली. तिच्यानंतर आणखी एक हवी की नको, यावरचं पारडं अजून इकडून तिकडे झुकतंय.

आणि आता मार्च. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘मार्च एंड’ हे दोन शब्द उच्चारले तरी पुरे. ३१ मार्चच्या रात्री न खर्चलेला पैसा परत जातो. शस्त्रखरेदीचा रस्ता मात्र फार लांबचा. आधी संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची खरेदी परिषद ‘याची गरज आहे’ एवढंच मान्य करते. वृत्तपत्रांत त्या दिवशी ‘इतक्या हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी’ असा मथळा येतो आणि वाचक समजतात की शस्त्रं आली. प्रत्यक्षात त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, वाळवंटात आणि बर्फात चाचण्या, किमतीची घासाघीस आणि मोठा व्यवहार असेल तर सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती. १२६ लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली, जानेवारी २०१२ मध्ये राफेलची निवड झाली आणि किमतीची बोलणी चालूच राहिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये संरक्षणमंत्री अँटनींनी सांगून टाकलं की या वर्षीचे पैसे संपत आलेत, करार पुढच्या आर्थिक वर्षात पाहू. पुढच्या वर्षी सरकारच बदललं आणि १२६ ची निविदा इतिहासजमा झाली.

यावर उपाय म्हणून वर्ष संपलं तरी न बुडणारा निधी हवा, असं अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी फेब्रुवारी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात मांडलं होतं, २५,००० कोटींचा. निवडणुकीत सरकार गेलं, निधीही गेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेकरता सुमारे २.३८ लाख कोटींचा तसाच निधी सुचवला. सरकारने तो तत्त्वतः मान्य केला. सरकारी भाषेत ‘तत्त्वतः’ या शब्दाचा अर्थ काय असतो ते वाचकांना मी सांगायला नको. अर्थ खात्याचीही बाजू आहे : एका खात्याला पैसे बाजूला ठेवून द्यायचे म्हणजे बाकीच्यांचे हात बांधायचे, आणि संसदेचा दर वर्षी विचारण्याचा हक्कही त्यातून थोडा निसटतो.

तो हक्क संसद वापरते किती, हा मात्र प्रश्नच आहे. बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात, ज्याला संसदेच्या बोलीत गिलोटीन म्हणतात. संरक्षणाच्या मागण्याही अनेकदा त्यात जातात. लाखो कोटी काही मिनिटांत मंजूर. स्थायी समितीच्या बंद खोलीत प्रश्न विचारले जातात, उत्तरं मिळतात, अहवाल छापले जातात आणि ते वाचणारे बहुधा त्याच धंद्यातले.

कधीकधी मात्र ही सगळी चाकं झपाझप फिरतात. उरीचा हल्ला, गलवानची चकमक आणि ‘ऑपरेशन सिंदूर’ यांच्यानंतर दलांच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले. २०२० मध्ये एका कराराला ३०० कोटींपर्यंतची मुभा होती. ‘सिंदूर’नंतर जून २०२५ मध्ये ड्रोन, ड्रोनविरोधी यंत्रणा, बुलेटप्रूफ जॅकेटं अशा गोष्टींसाठी १,९८२ कोटींचे तेरा करार घाईने उरकले गेले. काही महिन्यांत जे होतं ते एरवी काही वर्षांत का होत नाही, असं कुणालाही वाटेल. तातडीत चाचण्या कमी असतात, स्पर्धा कमी असते, आणि ‘उद्या चौकशी लागली तर’ ही भीती थोडा वेळ बाजूला ठेवलेली असते. ती भीतीही काही हवेतली नाही. १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफा घेतल्या. त्या सौद्याच्या वादात सरकार हेलकावलं आणि पुढच्या मोठ्या तोफेच्या करारावर सही व्हायला २०१६ साल उजाडलं. तीस वर्षं पैशांची नव्हे तर सहीची टंचाई होती.

देशी बनावटीच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा आराखडा पुण्याच्या पाषाणमधल्या ‘एआरडीई’ या प्रयोगशाळेत तयार झाला. काम सुरू होऊन दशकभर उलटलं आणि तोफा व त्या ओढणाऱ्या गाड्या मिळून सुमारे ६,९०० कोटींचे करार झाले. भारत फोर्ज आणि टाटांच्या कंपनीबरोबर. तारीख होती २६ मार्च २०२५. दोन दिवसांनी, २८ मार्चला, १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी ६२,७०० कोटींचे करार. वर्ष संपायला तीन दिवस उरले होते. त्या वर्षी मंत्रालयाने एकूण २.०९ लाख कोटींचे १९३ करार केले. या सगळ्यांचे हप्ते २०२५-२६ पासून पुढच्या वर्षांच्या बावीस रुपयांतून जायला लागले.

२५ सप्टेंबर २०२५ ला आणखी एक करार झाला, ९७ तेजस विमानांचा, ६२,३७० कोटींचा. विमानं येऊ लागतील २०२७-२८ मध्ये आणि सगळी यायला सहा वर्षं लागतील, असं ठरलं. आधीच्या ८३ तेजसांचा करार २०२१ चा. त्यातलं पहिलंही विमान अजून हवाई दलाला मिळालं नव्हतं. इंजिनं अमेरिकेहून यायची होती, ती उशिरा आली. टप्पे लांबले की त्यांचे हप्तेही लांबतात. ऑक्टोबरात ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजसने नाशिकच्या आकाशात भरारी घेतली तेव्हा टाळ्या वाजल्या. चाचण्या मात्र अजून बाकी होत्या.

९७ विमानांवर सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला गेला. १९६३ मध्ये चव्हाण संरक्षणमंत्री असताना ती याच चंदीगडला पहिल्यांदा आली होती. चव्हाणांच्या योजनेत स्क्वाड्रन ४५ होती, पुढे मंजूर संख्या ४२ झाली. मिग गेल्यावर उरली २९.